तंबाखूचा कचरा आणि संशोधनाचे अनुदान : गिरणगावाच्या संदर्भात एक समीक्षा

१

तंबाखूचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मुंबईने, विशेषतः परळने, उचललेला वाटा लहान नाही. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि घसा व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या संबंधाविषयीचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संशोधकांचे लक्ष त्या काळी सिगारेट आणि फुप्फुस यांवर खिळलेले असताना, चघळल्या जाणाऱ्या तंबाखूचा प्रश्न परळच्या रुग्णांच्या आधारे जगापुढे मांडला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परंतु तंबाखूचे सेवन झाल्यावर जे मागे उरते, म्हणजे सिगारेटचे थोटूक, पुडीचे वेष्टन, पानाची पिंक, त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाला त्या संशोधनपरंपरेत स्थान मिळाले नाही. शरीरातील तंबाखू ही वैद्यकाची बाब ठरली. रस्त्यावरील तंबाखू ही केवळ झाडूची बाब राहिली. अलीकडे पर्यावरणनीतीच्या निमित्ताने हा दुसरा प्रश्न पुढे आला असून त्यावरील संशोधनास पैसा कोणी व कोणत्या अटींवर द्यावा, याची चर्चा सुरू झाली आहे. वस्तीतील लोकांना सहभागी करून घेणाऱ्या संशोधनास अनुदान द्यावे, असा विचार या चर्चेत वरचेवर मांडला जातो. हा विचार गिरगाव, दादर, परळ व लालबाग या परिसराच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम पूर्वेतिहास पाहणे युक्त होईल. तंबाखूविषयक संशोधनास मुंबईत पैसा कोठून आला? कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली १९६६ पासून खेडोपाडी मुखरोगाच्या पाहण्या केल्या. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकट्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी नोंदविलेली आहे. या संशोधनमालेस अमेरिकेच्या ‘पब्लिक लॉ ४८०’ खालील रुपयांच्या निधीतून साहाय्य मिळाले होते. अमेरिकेने दिलेल्या धान्याच्या मोबदल्यात भारतात साठलेला तो पैसा होता. पुढे १९९१ मध्ये मुंबई बेटावरील पस्तीस वर्षांवरील नागरिकांची मोठी पाहणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात ९९,५९८ व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. तिलाही आंतरराष्ट्रीय संस्थांचे साहाय्य होते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये केलेल्या कर्करोग-तपासणीच्या प्रयोगास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अनुदान दिले होते.

पैसा परका असल्यामुळे ज्ञान परके झाले, असे म्हणता येणार नाही. उलट, १९९१ च्या पाहणीने मुंबईचे एक अस्सल चित्र उभे केले. पुरुषांपैकी ६९.३ टक्के आणि स्त्रियांपैकी ५७.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत होते. स्त्रियांचा तंबाखू बहुतांशी मशेरीचा व पानाचा होता, धुराचा नव्हे. कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या घरात सकाळी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीची दखल परदेशी प्रश्नावलीने आपणहून घेतली असती, असे मानण्यास आधार नाही. ती दखल घेतली गेली, कारण प्रश्न विचारणारे येथले होते. याच पाहणीतील व्यक्तींचा मागोवा घेऊन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असल्याचा समजही खोटा ठरविला. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचे मृत्युप्रमाण १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांचे १.६४ पट आढळले.

या संशोधनाच्या यशाची दोन कारणे सांगता येतात. पैसा देणाऱ्याचा उत्तरात स्वार्थ नव्हता, हे पहिले. आणि नमुना मतदारयादीसारख्या सार्वजनिक दस्तऐवजावरून निवडलेला होता, हे दुसरे. तथापि त्याची एक मर्यादाही तितकीच बोलकी आहे. सुरक्षाव्यवस्थेमुळे प्रवेश मिळत नसल्याने उच्च मध्यमवर्गीयांच्या इमारती या पाहणीतून वगळाव्या लागल्या. चाळीचे दार उघडे होते म्हणून चाळ अभ्यासिली गेली. वस्ती येथे माहितीचा स्रोत होती. प्रश्न ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. रोगाच्या अभ्यासात हे कदाचित चालून जाईल. कचऱ्याच्या अभ्यासात ते का चालत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३

तंबाखूच्या कचऱ्याविषयी भारतात उपलब्ध असलेला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास म्हणजे नोएडाची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आणि जोधपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने झालेला अहवाल होय. २०२२ मध्ये सतरा राज्यांतून सिगारेट, विडी व धूरविरहित तंबाखूची पाकिटे गोळा करून त्यांतील कागद, प्लास्टिक, वर्ख इत्यादींचे वजन करण्यात आले आणि राष्ट्रीय पाहणीतील सेवनकर्त्यांच्या संख्येवरून देशाच्या वार्षिक कचऱ्याचा अंदाज बांधण्यात आला. तो १,७०,३३१ टन भरला. त्यांत कागद सुमारे ८९,४०० टन, प्लास्टिक ७३,५०० टन, धातूचा वर्ख ६,००० टनांहून थोडा अधिक आणि सिगारेटची गाळणी अवघी १,३५४ टन आहे.

या अहवालाचे मोल मान्य केलेच पाहिजे. जो प्रश्न केवळ तक्रारीच्या स्वरूपात होता, त्याला त्याने आकडा दिला. आणि त्या आकड्यांतून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. जगातील एतद्विषयक वाङ्मय प्रामुख्याने सिगारेटच्या थोटकांविषयी आहे. दरवर्षी सुमारे साडेचार लाख कोटी थोटके जगात टाकली जातात, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने सर्वत्र पोहोचविला. भारतातही ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास ज्या मार्गदर्शक सूचना तयार करण्यास सांगितले, त्या सिगारेट व विडीच्या थोटकांच्याच विल्हेवाटीच्या होत्या. परंतु वरील अहवालानुसार गाळणीचा वाटा एकूण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. वजन म्हणजे विषारीपणा नव्हे, हे खरे. सेल्युलोज अॅसिटेटची गाळणी हेही प्लास्टिकच असून तिच्यातून निकोटिनादी द्रव्ये पाण्यात उतरतात. तरीसुद्धा आपल्या प्रश्नाचा केंद्रबिंदू थोटूक आहे काय, अशी शंका घ्यावयास पुरेशी जागा आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही शंका अधिकच दृढ होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. गिरणगावाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या गिरणीच्या खात्यात विडी पेटविण्यास मनाई असे. तळहातावर चुन्याबरोबर मळलेला तंबाखू मात्र साच्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या गालात राहू शके. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. पण चघळण्याची सवय भोंग्याबरोबर गेली नाही. कामगाराच्या चंचीची जागा पुडीने घेतली, आणि कचऱ्याच्या दृष्टीने हाच मोठा बदल होय. चंची वर्षानुवर्षे टिके. पुडी दिवसातून अनेकदा फाडली जाते.

म्हणजे परळ-लालबागचा तंबाखूचा कचरा हा मुख्यत्वे पुडीचा व पिंकेचा आहे. पिंक तर उपर्युक्त अहवालाच्या मोजमापात बसतच नाही, कारण तिला वेष्टन नाही. मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींत थुंकण्यास दोनशे रुपयांचा दंड सांगितलेला आहे. दंडाची तरतूद झाली, पण ती पिंक धुऊन काढण्यास जिन्यांवर, स्थानकांच्या पुलांवर व रुग्णालयांच्या भिंतींवर किती श्रम व किती पाणी खर्ची पडते, हे त्या उपविधीवरून कळत नाही.

४

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये दिलेल्या आदेशानुसार मार्च २०११ पासून गुटखा, तंबाखू व पानमसाला यांच्यासाठी प्लास्टिकच्या पुड्या वापरण्यास बंदी झाली. २०११ च्या आणि नंतर २०१६ च्या प्लास्टिक कचराविषयक नियमांनी ती कायम केली. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्याच्या विक्रीवरच बंदी घातली व पुढे सुगंधित तंबाखूचाही तिच्यात समावेश केला. तेव्हा लालबागच्या गटारात सापडणारी गुटख्याची प्लास्टिकची पुडी ही दुहेरी बेकायदा वस्तू आहे. तिच्या विक्रीची नोंद कोणत्याही वहीत नाही. उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, या २०२२ मध्ये सविस्तर नियमबद्ध झालेल्या तत्त्वाचाही येथे उपयोग नाही, कारण जी वस्तू अस्तित्वातच नसावी असे कायदा म्हणतो, तिची जबाबदारी घेण्यास कोण पुढे येणार?

परिणामी, तो कचरा हाच त्या व्यापाराचा एकमेव उघडा दस्तऐवज ठरतो. दुकानातून पाकिटे विकत घेऊन केलेला अंदाज या ठिकाणी अपुरा पडतो. रस्त्यावर प्रत्यक्ष काय पडते, कोणत्या वळणावर, कोणत्या ऋतूत, कोणत्या छापाचे, हे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. आणि हे पाहण्यास सर्वांत समर्थ कोण? पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार, कचऱ्यातून विकाऊ माल निवडणारी कचरावेचक स्त्री, गल्लीतील रहिवासी आणि टपरीवाला. बहुस्तरीय प्लास्टिकच्या पुडीला भंगारात भाव नाही, म्हणून कचरावेचक ती उचलीत नाहीत. ती झाडूने गटाराकडे आणि पावसाने समुद्राकडे जाते, ही गोष्ट त्या स्त्रीला कोणत्याही अहवालाआधी ठाऊक असते. दादरच्या हिंदमाता परिसरात दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची आणि गिरगावच्या चौपाटीवर भरतीबरोबर परत येणाऱ्या कचऱ्याची कारणमीमांसा करताना हे ज्ञान वगळून चालणार नाही.

वस्तीच्या सहभागाचे समर्थन केवळ लोकशाहीच्या भावनेने करावयाचे नसून ते ज्ञानाच्या गरजेतून करावयास हवे, असे जे म्हणावयाचे ते एवढ्यासाठीच. रोगाच्या पाहणीत वस्ती हा नमुना असू शकतो. कचऱ्याच्या पाहणीत ती निरीक्षकच असावी लागते, कारण घडणारी गोष्ट तिच्याच दारात, प्रहराप्रहराने बदलत घडते.

५

अशा संशोधनाची उदाहरणे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने आणि डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचकांच्या श्रमामुळे नगरपालिकेचा किती खर्च वाचतो, याचा अभ्यास विद्यापीठ व पंचायत यांनी मिळून केला. महानगरपालिकेने पुढे त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरण्याचे मान्य केले, त्यामागे या आकडेवारीचे बळ होते. याच पंचायतीच्या सभासदांनी २०१३ मध्ये कचऱ्यात आलेले सॅनिटरी नॅपकिन उत्पादकांकडे परत पाठवून त्यांच्या जबाबदारीचा प्रश्न ऐरणीवर आणला. २०१६ च्या घनकचरा नियमांत त्या उत्पादकांवर बंधने आली. मुंबईत दादर येथील स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ कार्यक्रमाद्वारे कचरावेचक स्त्रियांना संघटित व प्रशिक्षित केले आहे. सामान्य शिक्षण झालेल्या स्त्रिया शास्त्रीय काम काटेकोरपणे करू शकत नाहीत, हा आक्षेपही परळच्या अनुभवाने निकालात निघालेला आहे. वर उल्लेखिलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगात दहावीपर्यंत शिकलेल्या, अल्पकाळ प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तात्पर्य, कौशल्य आहे, संघटना आहे, विद्यापीठाचा संबंधही नवा नाही. उणीव आहे ती निश्चित व निरपेक्ष निधीची.

या संदर्भात कॅलिफोर्नियाचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील मतदारांनी १९८८ मध्ये सिगारेटच्या पाकिटामागे २५ सेंट जादा कर मंजूर केला आणि त्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग संशोधनासाठी राखून ठेवला. त्या निधीतून वस्तीतील संस्था व विद्यापीठीय संशोधक हे दोघेही समान दर्जाचे प्रमुख संशोधक असलेल्या प्रकल्पांस अनुदाने दिली गेली. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००९ मध्ये रस्त्यावरील कचऱ्याच्या मोजणीच्या आधारे प्रत्येक पाकिटावर २० सेंट सफाईशुल्क बसविले. मोजणीतून धोरण आणि धोरणातून सफाईचा खर्च, अशी ही साखळी आहे. तथापि हे उदाहरण निर्दोष मानू नये. १९९० नंतरच्या दशकात तेथील विधिमंडळाने राखीव रकमेचा काही भाग अन्यत्र वळविला व प्रकरण न्यायालयात गेले. शिवाय धूम्रपान घटले की हा निधीही आटतो. जो निधी आपल्या यशाबरोबरच क्षीण होतो, त्यावर कायमची संस्था उभारणे अवघड असते.

भारतातही तंबाखूचा पैसा विशिष्ट कार्यासाठी राखून ठेवण्याचा पूर्वप्रघात होता. १९७६ च्या अधिनियमान्वये विडीवर उपकर बसवून विडी कामगारांच्या कल्याणाचा निधी उभारण्यात आला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर तो उपकर रद्द झाला. म्हणजे येथे तत्त्व नवे नाही. मोडलेला प्रघात पुन्हा उभारावयाचा आहे.

याउलट, सहज उपलब्ध असलेला पैसा संशयास्पद आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा ठरावीक भाग सामाजिक कार्यावर खर्च करावयाचा असतो, आणि पर्यावरणरक्षण हे त्यातील मान्य कार्य आहे. तंबाखूची उत्पादक कंपनीही या मार्गाने स्वच्छतेची पुरस्कर्ती होऊ शकते. अशा पैशातून होणाऱ्या संशोधनाचा निष्कर्ष खोटाच असेल, असे नाही. धोका त्याहून सूक्ष्म आहे. उत्तर बदलावे लागत नाही. प्रश्न बदलला की पुरे होते. ‘नागरिक थोटूक कचरापेटीत का टाकीत नाहीत?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तरही उत्पादकास सोयीचेच असते. ‘हे वेष्टन अस्तित्वात का आहे?’ हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. भारताने २००४ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय तंबाखू-नियंत्रण कराराचे पाचवे कलम धोरणनिर्मितीस उत्पादकांच्या हितसंबंधांपासून दूर ठेवण्यास सांगते, ते याच कारणास्तव. त्याच कराराच्या अठराव्या कलमात पर्यावरणाचा उल्लेख आहे, परंतु तो लागवड व उत्पादन यांपुरताच. सेवनानंतरच्या कचऱ्याकडे राष्ट्रांचे लक्ष वेधणारा ठराव २०२४ मध्ये पनामा येथील परिषदेत झाला. करारालाही रस्त्यापर्यंत पोहोचावयास वीस वर्षे लागली, असा याचा अर्थ होतो.

६

वस्तीच्या सहभागाच्या पुरस्कर्त्यांकडूनही एका गोष्टीची उपेक्षा होते. ‘वस्ती’ हा शब्द ते एकसंध समूहाच्या अर्थाने वापरतात. लालबागमध्ये आज जुन्या चाळीतील कुटुंब, पुनर्विकसित इमारतीतील नवा रहिवासी, परप्रांतातून आलेला टपरीवाला, कंत्राटी सफाई कामगार आणि गणेशोत्सवातील लक्षावधींचा समुदाय, या सर्वांचा रस्ता एकच आहे. हितसंबंध एक नाहीत. १९९० नंतर मुंबईत नागरिकांच्या परिसर-व्यवस्थापन समित्यांचा जो प्रयोग झाला, त्यात प्राधान्याने सोसायट्यांतील सुस्थित रहिवाशांचा आवाज उमटला. १९९१ च्या पाहणीतून उंच इमारती सुटल्या होत्या. उद्याच्या लोकसहभागातून झोपडी व टपरी सुटण्याचा संभव तितकाच आहे. तसे झाल्यास संशोधनाचे रूपांतर टपरी हटविण्याच्या मोहिमेत होईल आणि पुडी कोठे तयार होते हा मूळ प्रश्न पुन्हा दृष्टिआड जाईल.

म्हणून अनुदानाच्या अटी ह्याच या विषयातील खरी कसोटी होत. निधी तंबाखूवरील कराच्या उत्पन्नातून, कायद्याने राखलेला व उत्पादकांपासून अलिप्त असावा. प्रश्न ठरविणाऱ्या मंडळात सफाई कामगार, कचरावेचक व टपरीवाले यांना स्थान असावे. त्यांच्या निरीक्षणाच्या तासांचा मोबदला संशोधनखर्चात धरावा. स्वयंसेवेच्या नावाखाली गरिबांचे श्रम फुकट घेऊ नयेत. मोजणी किमान एक संपूर्ण वर्ष चालावी, कारण पावसाळा वगळून केलेली मुंबईच्या कचऱ्याची मोजणी अर्धीच राहते. आणि निष्कर्ष प्रथम मराठीत, एफ दक्षिण, जी उत्तर व डी या विभागांच्या कार्यालयांत आणि ज्या चाळींच्या दारात मोजणी झाली त्या चाळींच्या फलकांवर प्रसिद्ध व्हावेत.

या अटींमुळे संशोधन महाग व संथ होईल, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परंतु स्वस्त व जलद मार्गाने आजवर जे हाती आले त्यात देशाचा आकडा आहे, परदेशाचे थोटूक आहे आणि नागरिकासाठी दंडाची पावती आहे. परळच्या गटारातील पुडीचा मात्र त्यात पत्ता नाही. तंबाखूने शरीराचे काय होते, हे सांगण्यासाठी परळने एके काळी जगाची वाट पाहिली नव्हती. तंबाखूने रस्त्याचे काय होते, हे सांगण्याचा अधिकारही त्याच परिसराचा आहे. तो वापरता येईल इतका निधी त्यास मिळतो की नाही, यावरच महाराष्ट्रातील तंबाखूविषयक पर्यावरणनीती पुराव्यावर उभी राहणार की अनुमानावर, हे ठरणार आहे.